किंग्ज ऑफ वॉरची अनडेड फौज: आठ महिने चालवल्यानंतर

मागच्या दिवाळीत किंग्ज ऑफ वॉर या टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी खेळायच्या युद्धखेळासाठी अनडेड, म्हणजे सांगाडे-झॉम्बींची फौज घेतली, आता आषाढ सुरू आहे, म्हणजे आठ महिने झाले. एवढ्यात तीसएक गेम झाले असतील, बहुतेक सगळे कर्वेनगरला मावसभावाच्या हॉलमध्ये, दोन टेबलं जोडून वर सहा बाय चारचा प्लाय टाकून. घेण्याआधी ज्याला त्याला विचारलं होतं की नवीन माणसाने अनडेड घ्यावी का, आणि सगळ्यांचं एकच, फार संथ आहे रे, कंटाळशील. म्हणून ठरवलं होतं की भरपूर खेळून झाल्यावरच लिहायचं. तर माझं मत आधीच सांगून टाकतो, ही फौज संथ नाहीये, मांडताना चुकलात की मग ती संथ होते.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. नॉटिंगहॅमच्या मँटिक गेम्सचा हा खेळ, पहिले नियम अलेस्सिओ काव्हातोरे यांनी लिहिले आणि ते २०१० मध्ये आले, आम्ही २०१९ चं तिसरं एडिशन खेळतो. मिनी, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती, कुठल्याही कंपनीच्या चालतात, हे आपल्यासारख्यांना फार सोयीचं. आणि यात एकेक सैनिक मरत नाही, अख्खी तुकडी हाच एक मोहरा. तुकडीवर डॅमेज साठत जातं, मारणाऱ्याने दोन फासे टाकून त्यात ते डॅमेज मिळवायचं, बेरीज तुकडीच्या नर्व्हला, म्हणजे तिच्या टिकण्याच्या आकड्याला, पोचली की अख्खी तुकडी टेबलावरून उचलायची. त्यामुळे वीस सांगाडे एकाच बेसवर कायमचे चिकटवून टाकता येतात. अशा वीसच्या तुकडीला रेजिमेंट म्हणतात, तिचा बेस १०० बाय ८० मिलिमीटर, चाळीसच्या हॉर्डचा २०० बाय ८०. लेझर कटिंगवाल्याकडून ३ मिमी एमडीएफचे एका तासात कापून मिळाले.

बेस बनवणं हा माझ्यासाठी या फौजेतला सगळ्यात आनंदाचा भाग ठरला. दिवाळीत बिल्डिंगमधल्या पोरांबरोबर किल्ला केला होता, तो मोडल्यावर उरलेली माती मी वाळवून गाळणीने चाळून ठेवली. फेविकॉलचा पातळ थर द्यायचा, वर ही माती भुरभुरायची, मग नारळाच्या शेंडीतला काथ्या बारीक कातरून वाळलेलं गवत म्हणून लावायचा. झॉम्बींच्या हॉर्डवर मी तीन जण कमरेपर्यंत जमिनीतून वर येताना दाखवलेत, म्हणजे तेवढी अर्धी अंगं वाचली आणि ते दिसतंही भारी. हाडांसाठी मळकट पांढरा, वर बर्न्ट अंबर भरपूर पाणी घालून सोडायचा, तो फासळ्यांच्या खाचांत जाऊन बसतो आणि सांगाडा एकदम जुना दिसायला लागतो. हे रंग इथल्याच स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, बाहेरून मागवायची गरज नाही. लहानपणी किल्ल्यावर मावळे मांडताना जे मन लागायचं ना, दरवाजावर कोण, बुरुजावर कोण, तसंच इथे लागतं.

एक मात्र ऐका, पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका. जूनमध्ये घाई करून बारा रेव्हनंट, म्हणजे फौजेतले चिलखती मुडदे, गॅलरीत स्प्रे केले, हवेत इतका दमटपणा होता की सगळ्यांवर पांढरट खरखरीत साय आल्यासारखं झालं, भाल्यांची नक्षी बुजली. परत सगळं धुऊन काढायला दोन रविवार गेले. आता ऑक्टोबरपर्यंत ब्रशनेच प्रायमर, वेळ लागतो पण खात्रीचं काम.

आता खेळाकडे. अनडेडच्या बहुतेक पायदळाला शॅम्ब्लिंग हा नियम आहे, म्हणजे ते ॲट द डबल, दुप्पट वेगाने, चालू शकत नाहीत. दोन्ही बाजू आपापल्या कडेपासून १२ इंचांत मांडतात, चार फुटी टेबलावर मध्ये उरतात २४ इंच. समोरच्याचं पायदळ दुप्पट वेगाने दहा इंच पुढे येतं तेव्हा आपले सांगाडे पाच इंच सरकलेले असतात. हे बघूनच लोक नाव ठेवतात. पण चार्ज, म्हणजे शत्रूवर धावून जाणं, मात्र सगळ्यांसारखाच वेगाच्या दुप्पट असतो, आणि शॅम्ब्लिंग तुकड्यांच्या नर्व्हमध्ये वेव्हरच्या जागी नुसती आडवी रेघ आहे, म्हणजे त्या कधीच बिचकत नाहीत. माणसांची तुकडी मार खाल्ल्यावर एक टर्न थबकते, चार्ज करता येत नाही. सांगाडे एक तर उभे असतात नाहीतर नसतात. मधलं काही नाही. समोरच्याने चार्ज करून तुकडी मोडली नाही, की पुढच्या टर्नला ती उलटून त्याच्याच अंगावर जाते, आणि या खेळात ज्याची टर्न तोच मारतो, त्यामुळे तेव्हा त्याला गुपचूप सोसावं लागतं.

आणि मग सर्ज. नेक्रोमॅन्सरचा, म्हणजे मुडद्यांना हलवणाऱ्या मांत्रिकाचा, हा मंत्र या फौजेचा प्राण आहे, ज्याला तो कळला त्याला अनडेड कळली. बारा इंचांच्या आतल्या आपल्या शॅम्ब्लिंग तुकडीवर टाकायचा, जितके फासे ४ किंवा जास्त तितके इंच ती सरळ पुढे ढकलली जाते, आणि शत्रूला जाऊन भिडली तर तो चार्जच धरतात. आठ फासे असतील तर सरासरी चार इंच. मुद्दा असा की मंत्र येतो शूटिंगच्या वेळी, हालचाल संपल्यावर, म्हणजे आधी चालायचं, वळायचं आणि मग वर सर्ज.

गेल्या महिन्यातला प्रसंग सांगतो म्हणजे लक्षात येईल. समोर मित्राचे बौने, त्याच्या आयर्नक्लॅड पायदळाची हॉर्ड माझ्या स्केलेटन रेजिमेंटवर आली, रेजिमेंट टिकली, आणि नियमाप्रमाणे ते एक इंच मागे सरून उभे राहिले. माझी झॉम्बींची हॉर्ड त्यांच्या डाव्या अंगाला होती पण तोंड सरळ पुढे, त्यांना बौने दिसतच नव्हते, म्हणजे साधा चार्ज शक्यच नाही. मी झॉम्बी चार इंच पुढे नेले आणि तिथे नव्वद अंशात फिरवले, आता तोंड बरोब्बर बौन्यांच्या कुशीकडे, अंतर तीन इंच. स्केलेटननी समोरून चार्ज केला. मित्र टेप लावून ते तीन इंच दोनदा मोजून बघत होता. मग आठ फासे, तीन हवे होते, पाच लागले, झॉम्बी जाऊन भिडले. कुशीतून मारलं की अटॅक, म्हणजे मारायचे फासे, दुप्पट होतात, पाठीमागून तिप्पट. एरवी झॉम्बींच्या हातून फार काही होत नाही पण हॉर्डचे अटॅक दुप्पट झाल्यावर बादलीभर फासे पडतात. नर्व्हला मला पाच हवे होते, नऊ पडले, त्याच्याकडे झेंडेकरी जवळ होता म्हणून त्याच्या इन्स्पायरिंग या नियमामुळे मला ते परत टाकायला लागले, सात पडले. अख्खी हॉर्ड उचलली त्याने, आणि हात पुढे केला. मला तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे.

हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा मांडणी करताना तुम्ही हे कोन डोक्यात ठेवलेले असतात. मांडताना दोघं आळीपाळीने एकेक तुकडी ठेवतात, म्हणून मी आधी स्वस्तातल्या स्केलेटनच्या छोट्या ट्रूप टाकतो, समोरच्याची मोठी तुकडी कुठे पडते ते बघतो, मगच हॉर्ड. तुकड्या एकमेकांना खेटून सरळ रेषेत लावू नका, पहिल्या चार गेममध्ये मी तेच केलं आणि वळायलाच जागा नाही. मध्ये निदान हॉर्डच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी, आणि तिच्या मागे नेक्रोमॅन्सर. नेक्रोमॅन्सर दोन घ्याच. एल्फांविरुद्ध एकटाच होता, दुसऱ्या टर्नला बाणांनी गेला आणि उरलेला गेम माझी फौज नुसती चालत होती. आता एक टेकडीआड, एक हॉर्डच्या पाठीशी. आणि स्टँडर्ड बेअररच्या, म्हणजे आपल्या झेंडेकऱ्याच्या, इन्स्पायरिंगचं अंतर ६ इंच आहे, ते प्रत्येक टर्नला मोजत जा. त्याच्याबाहेर गेलेली तुकडी एका चांगल्या रोलवर जाते.

सगळंच शॅम्ब्लिंग घ्यायची गरज नाही हे मला उशिरा कळलं. घूल, म्हणजे प्रेतं खाणारे, जिवंत आहेत, ते दुप्पट धावतात, पुढे जाऊन वाट अडवायला उत्तम. रेथ, म्हणजे भुतं, उडतात, ते समोरच्याच्या तोफांमागे पोचले की त्याचं अर्धं लक्ष तिकडे जातं. फक्त ते पण शॅम्ब्लिंग आहेत म्हणून सर्ज त्यांच्यावरही चालतो, आणि हे बरेच जण विसरतात. व्हॅम्पायर मी दोनदाच खेळवला, फौज जमवायला मिळणारे पॉइंट फार खातो, मला नाही पटला.

तक्रारी आहेत. चाळीस झॉम्बी रंगवणं म्हणजे खरंच अंत बघतं, बारा-पंधरा झाले की हात चालत नाही, तरी बरं की हॉर्डवर चाळीसच्या चाळीस मिनी लावायची सक्ती नाही. बाहेरून मागवलेला बॉक्स तीन आठवडे अडकला, दारात आल्यावर न सांगितलेली ड्युटी मागितली, वर एक कोपरा चेपलेला आणि सहा भाले मोडलेले, कुरिअरवाल्यांनी शेवटपर्यंत नीट उत्तर दिलं नाही. पातळ भाले असेही मोडतात, मी आता स्टेपलरच्या पिना सरळ करून आत घालतो. आणि सर्जचे कोन मोजण्यात वेळ जातो, घड्याळ लावून खेळत असाल तर आपल्या टर्नमध्येच समोरच्याच्या टर्नचा विचार करून ठेवावा लागतो.

नेण्या-आणण्याचं विचाराल तर बेसखाली मॅग्नेट शीट लावली आणि बोहरी आळीतून पत्र्याचा ट्रे आणला, तो बॉक्समध्ये बसवला. सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून स्कूटरवर नेतो, आठ महिन्यांत एकही रेजिमेंट उलटलेली नाही. ग्रुपमध्ये सगळे आता तिला वेताळाची फौज म्हणतात, म्हणून रेव्हनंट किंगच्या बेससाठी वेताळ टेकडीवरून सकाळी फिरायला गेलो असताना मूठभर मुरूम आणून ठेवलाय. पाऊस उघडला की तोच पहिला रंगवायला घेणार आहे.