लॉफ्टचं काम चालू असताना घरातच राहावं की बाहेर?

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. लॉफ्टचं काम, म्हणजे छपराखालच्या माळ्याची खोली करणं, काढतोय, दहा-बारा आठवडे चालेल म्हणतात, तेवढे दिवस घरातच राहावं की बाहेर भाड्याने जागा घ्यावी? लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या १९३०च्या दशकातल्या सेमीत (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या घरात) आम्ही दोन्ही करून पाहिलं. पहिले पाच आठवडे बाहेर, पुढचे सात घरात. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सांगलीहून आलेली आई. डॉर्मर (छपरातून पुढे काढलेला खिडकीचा भाग) केवढा, प्लॅनिंगची परवानगी लागते की नाही, हे तुमच्या आर्किटेक्टने सांगितलंच असेल, त्यात मी शिरत नाही.

आधी कामाचा क्रम नीट समजून घ्या, कारण आमचं गणित तिथेच चुकलं. कौलं उतरवणार, लोखंडी बीम चढवणार, डोक्यावर नुसती ताडपत्री असणार, म्हणजे सुरुवातीचेच दिवस सगळ्यांत वाईट, असं आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात सुरुवातीला कामगार घरात जवळजवळ येतच नाहीत. ते बाहेरच्या स्कॅफोल्डिंगवरून (परांचीवरून) चढतात, सामानही बाहेरूनच वर जातं. खाली तुमचं जुनं सिलिंग शाबूत असतं. पाण्याची जुनी टाकी काढून टाकीशिवाय गरम पाणी देणारा कॉम्बी बॉयलर बसवायचा असेल तर दोन दिवस पाण्याचे हाल होतात, आणि बीम बसवायच्या दिवशी आवाज अक्षरशः भिंतींतून येतो. बाकी दिवस दुपारच्या वेळी डोक्यावर ठोकाठोक, एवढंच. शेजारच्या काकूंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे, आमच्याइतकाच आवाज त्यांनीही सोसला, आणि त्या कुठे गेल्या नव्हत्या.

खरी धूळ जिन्याच्या दिवशी सुरू होते. लँडिंगवरचं सिलिंग कापून खालचा मजला वरच्याला जोडतात तेव्हा नव्वद वर्षांचं प्लास्टर, लाकडी पट्ट्या आणि माळ्यावरची काळी भुकटी घरभर पसरते. आमच्याकडे हे सहाव्या आठवड्यात झालं. म्हणजे घर त्यातल्या त्यात शांत असताना आम्ही भाडं भरून बाहेर राहिलो आणि धूळ उडायच्या वेळी परत आलो. तरीही मला कुणी विचारलं तर मी घराच्या बाजूनेच बोलतो. त्याचं कारण पुढे येईलच.

बाहेर राहण्याचे फायदे खरे आहेत, ते कमी लेखत नाही. मुलीची झोप शांत, आईच्या दुपारच्या पडण्यात व्यत्यय नाही, स्वयंपाकघर स्वच्छ. वीस मिनिटांच्या अंतरावर दोन बेडरूमचा फ्लॅट महिना २,२०० पौंडांना मिळाला, आणि तोही मोठ्या मिनतवारीने, कारण बहुतेक एजंट सहा महिन्यांच्या खाली बोलायलाच तयार नव्हते. दोन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. शिवाय कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) दोन ठिकाणचा. घराच्या विम्याची बाब तर बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं, आणि बाहेर स्कॅफोल्डिंग उभं असलेलं रिकामं घर म्हणजे चोराला आयती शिडी. काम सुरू होण्याआधी विमा कंपनीला कळवाच. आम्ही कळवलं, थोडा जादा हप्ता भरावा लागला.

पण पैशाने निर्णय झाला नाही. निर्णय झाला तो एका पाइपमुळे.

मागच्या बेडरूममध्ये चिमणीच्या भिंतीशेजारी जो कोनाडा असतो, तिथे आमचं देवघर आहे. घर घेतलं त्या वर्षी मी स्वतः सागवानी फळी बसवून केलेलं. नकाशात वरच्या नव्या बाथरूमचा सॉइल पाइप (मैलापाण्याचा पाइप) मागच्या भिंतीच्या बाहेरून खाली येणार होता. पाचव्या आठवड्यात एका मंगळवारी, अकराच्या सुमारास, मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. बिल्डरचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एका कोपऱ्याचा फोटो, भिंतीवर पेन्सिलने दोन उभ्या रेघा. खाली लिहिलेलं की बाहेरून नेला तर स्वयंपाकघराच्या एक्स्टेन्शनचं छप्पर आडवं येतं, आतून इथून घेऊ का बॉस? फोटोत कोनाड्यावर धुळीपासून वाचवायला टाकलेली पांढरी चादर होती. पांढऱ्या भिंतीवर पांढरी चादर, मला ती जागा ओळखूच आली नाही. मी ‘ओके’ लिहिलं आणि फोन उलटा ठेवला.

शनिवारी आम्ही चौघं घर बघायला गेलो. कोनाड्याच्या डाव्या अंगाला वरपासून कमरेच्या उंचीपर्यंत लाकडी चौकट उभी होती, तिच्यात करड्या रंगाचा चार इंची पाइप, आणि तो देवघराच्या फळीला खेटून वळून मागच्या भिंतीतून बाहेर गेलेला. नव्या संडासाचा पाइप. आई काही बोलली नाही. तिने चादर बाजूला केली, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि टाक एकेक करून पदरात घेतले आणि खाली नेऊन स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांच्या वर मांडले. मग हात धुऊन, मुलीला घेऊन बागेत जाऊन उभी राहिली.

बिल्डरला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. त्या क्षणी तो समोर असता आणि मी जिन्यात चहाचा कप घेऊन उभा असतो, तर प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला असता. पाइप पुन्हा बाहेरून, एक्स्टेन्शनच्या छपराला वळसा घालून नेला, त्याचे ६०० पौंड आणि तीन दिवस गेले. त्याच रविवारी आम्ही बॅगा घेऊन घरी परतलो. फ्लॅटचे तीन आठवडे हातात असूनही.

घरात राहण्याचा माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा फायदा हाच. लॉफ्टच्या कामात रोज दोन-तीन प्रश्न निघतात आणि ते सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान निघतात. रेडिएटर खिडकीखाली की दाराजवळ? दिव्याचं बटण जिन्याच्या वर की खाली की दोन्हीकडे? उतरत्या छपराखालच्या जागेत कपाट की नुसती झडप? नकाशात यातलं निम्मंही नसतं. घरात असाल तर वर जाऊन बोट दाखवता. नसाल तर फोटो येतो, आणि फोटोत खोली कधीच नीट कळत नाही. संध्याकाळी सहाला जाऊन बघू म्हणाल तर तोवर प्लास्टरबोर्ड लागून आतलं सगळं झाकलेलं असतं. परत आल्यावरच्या सात आठवड्यांत मी रोज सव्वाआठला वर एक फेरी मारायचो, मग ऑफिसला. जिन्याची शेवटची पायरी लँडिंगवर मुलीच्या दाराच्या फार जवळ येत होती, ते अशाच एका सकाळी दिसलं आणि जिना जोडण्याआधी दुरुस्त झालं.

आता घरात राहण्याचा त्रास. तो आहेच. धुळीसाठी लँडिंगवर झिपचा प्लास्टिक पडदा लावला, तरी आठवडाभर पोह्यांतसुद्धा कचकच लागल्याचा भास व्हायचा. तांदूळ-डाळीचे डबे कितीही घट्ट असले तरी मोठ्या पिशव्यांत बांधून ठेवा. दुसरं, दारं. तिसरा मजला झाला की आगीच्या नियमांमुळे जिन्यावर उघडणारी खोल्यांची दारं बदलून फायर डोअर (आग काही काळ रोखणारी दारं) लावावी लागतात. आमची जुनी दारं एका दिवशी निघाली, नवी तिसऱ्या दिवशी बसली. दोन रात्री सगळ्या खोल्यांना नुसते पडदे. आईला ते फार अवघड गेलं. दारं काढण्याच्या दिवशीच नवी बसवायची, हे बिल्डरशी आधी बोलून ठेवा. तिसरं, विजेवर चालणारे, एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म. प्लास्टर घासण्याच्या दिवशी एक अलार्म वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरात मात्र धुराचा न बसवता उष्णतेचा अलार्म बसवतात, त्यामुळे फोडणीची काळजी नको.

आणि हे सगळं आठ ते सहाच्या आत होतं. बहुतेक कौन्सिल आवाजाच्या कामाला सोमवार ते शुक्रवार आठ ते सहा, शनिवारी एकपर्यंत परवानगी देतात, रविवारी बंद. शाळा-ऑफिसच्या घराला हे जमून जातं. आई त्या वेळात खालच्या पुढच्या खोलीत बसायची, नाहीतर शेजारच्या काकूंकडे जायची. त्या दोघींची चांगली गट्टी जमली.

जिन्याचं सिलिंग कापायच्या दोन रात्री मात्र आम्ही फ्लॅटवर झोपायला गेलो, भाडं भरलेलंच होतं. मला वाटतं सोय अशी हवी: पूर्ण काळ घरात, आणि फक्त त्या दोन-तीन रात्रींसाठी कुणा नातेवाइकांकडे किंवा साध्या हॉटेलात. पार्टी वॉलची, म्हणजे सामाईक भिंतीवरच्या कामाची, नोटीस शेजाऱ्याला दोन महिने आधी द्यावी लागते, तेवढ्या वेळात ही दोन-तीन रात्रींची सोय सहज ठरवता येते. बिल्डरला जिन्याची तारीख आठवडाभर आधी सांगायला लावा.

तुमच्याकडे तान्हं बाळ असेल, घरात कुणाला दमा असेल, किंवा दोघंही दिवसभर घरूनच काम करत असाल, तर माझं ऐकू नका. बाहेर जा, पण मग पहिल्या पाच आठवड्यांत न जाता जिन्यापासून शेवटच्या प्लास्टरपर्यंत जा. आणि तरीही रोज सकाळी कुणीतरी एकाने घरी फेरी मारावी. २००० सालच्या आधीच्या घरात जुन्या टाकीत किंवा सिलिंगच्या खडबडीत रंगात आरोग्याला घातक असलेलं अ‍ॅस्बेस्टॉस निघू शकतं. काम सुरू होण्याआधी तपासून घ्या. ते निघालं आणि काढावं लागलं, तर काढण्याच्या दिवसांत घरी थांबण्याचा विचारही नको.

काम नियमांनुसार झाल्याचं बिल्डिंग कंट्रोलचं सर्टिफिकेट हाती आलं त्याच आठवड्यात मी कोनाड्याची भिंत पुन्हा रंगवली. आईने डाळींच्या डब्यांवरचे देव वर आणले. जिथून पाइप काढला तिथे प्लास्टर भरल्याचा एक उभा पट्टा हाताला अजून किंचित लागतो. आईने नेमकी तिथेच समई ठेवली आहे.