एक्सेल प्रश्नावली की एसडीएमएक्स? शेतीचे आकडे देशाबाहेर पाठवताना

कापसाचा एक आकडा घ्या: 100 लाख गाठी. आपल्याकडची गाठ 170 किलोची, म्हणजे 17 लाख टन. अमेरिकेतली गाठ 480 पौंडांची, जवळपास 218 किलोची. त्या हिशोबाने हेच पावणेबावीस लाख टन होतात. त्यात आकडा रुईचा की सरकीसकट कापसाचा, हे लिहिलेलं नसेल तर विचारायलाच नको. सांख्यिकी विभागाने एफएओला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला, आकडे कोणत्या पद्धतीने पाठवावेत, हे ठरवताना आधी या गाठी डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

एक्सेल प्रश्नावली सगळ्यांच्या ओळखीची. एफएओकडून येते, भरायची, परत पाठवायची. प्रशिक्षण नको, खर्च नको. चार माणसांच्या कार्यालयाला हेच झेपतं. पण शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं संगणकाला कळत नाही, आणि दुसऱ्या संस्थेने मागितलं की तेच आकडे नव्या साच्यात पुन्हा भरायचे.

एसडीएमएक्स हे आकडेवारीच्या देवाणघेवाणीचं सामायिक मानक. जागतिक बँक, नाणेनिधी, युरोस्टॅट (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) अशा सात संस्थांनी 2001 साली त्याचं काम सुरू केलं. आज ते आयएसओ 17369 या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. यात प्रत्येक आकड्यासोबत देश, पीक, काळ, एकक आणि आकड्याची स्थिती संकेतांक रूपाने जाते. स्थितीचा संकेतांक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्याकडे एकाच खरीप हंगामाचे आगाऊ अंदाज वर्षभरात दोन-तीनदा बदलतात. ‘पी’ लागला की आकडा तात्पुरता, ‘ई’ म्हणजे अंदाजित. एक्सेलमध्ये ही माहिती बऱ्याचदा फाइल भरणाऱ्याच्या डोक्यातच राहते, आणि त्याची बदली झाली की संपलं! अर्थात बदलीचा धोका एसडीएमएक्समध्येही आहे: त्याची रचना समजणारा एकच माणूस असेल तर काम त्याच्यावरच अडतं.

एसडीएमएक्स हे नुसतं पाकीट आहे. आत काय घालायचं, ते वर्गीकरण ठरवतं: उत्पादनासाठी सीपीसी (संयुक्त राष्ट्रांचं उत्पादनांचं वर्गीकरण), व्यापारासाठी एचएस (सीमाशुल्कात वापरलं जाणारं मालाचं वर्गीकरण). एचएसच्या 1006 या शीर्षकाखाली भात, ब्राऊन राइस, कोंडा काढलेला पांढरा तांदूळ आणि कणी यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. भारत उत्पादन तांदळात मोजतो, एफएओच्या तक्त्यात ते भातात असतं. भाताचा तांदूळ साधारण दोन-तृतीयांश उतरतो. शिवाय आपलं कृषी वर्ष जुलै ते जून, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. हे जुळवलं नाही तर चुकीचाच आकडा जास्त वेगाने पोहोचेल.

म्हणून छोट्या विभागाने यंदा एक्सेलच ठेवावं, पण आपलं पीक, एकक आणि वर्ष त्यांच्या कशाशी जुळतं याचा जुळणी-तक्ता आत्ताच करून लेखी ठेवावा. ज्यांना तीन-चार संस्थांना नियमित आकडे द्यावे लागतात, त्यांनी एसडीएमएक्ससाठी थांबू नये. युरोस्टॅटचा एसडीएमएक्स कन्व्हर्टर फुकट मिळतो आणि तो एक्सेलच्या फाइलीही घेतो. फक्त त्यालाही आधी तोच जुळणी-तक्ता लागतो.