बॅकग्राउंड ॲप्सना आवर घातल्यानंतरचे सात महिने

रात्री अकराला ८६ टक्के चार्ज असलेला फोन सकाळी सहाला ७१ वर आलेला असायचा. मधल्या सात तासांत मी त्याला हातही लावलेला नसायचा. फोन तीन वर्षं जुना, त्यामुळे बॅटरी थकली असणार असं धरून मी नवीन घ्यायच्या बेतात होतो. पण पडून राहिलेल्या फोनचे १५ टक्के जातात कुठे, हे आधी बघायचं ठरवलं.

तोवर माझा उपाय एकच होता: रिसेंटमधली (नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतली) सगळी ॲप्स दिवसातून दहादा सरकवून बंद करायची, वर ॲप्स आपोआप बंद करणारं एक क्लीनर ॲपही टाकलेलं. त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. रॅममध्ये (फोनच्या तात्पुरत्या मेमरीत) निपचित पडलेलं ॲप सहसा प्रोसेसर वापरतच नाही. ते मारलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून लोड होतं आणि जास्त बॅटरी खातं. क्लीनर तर स्वतःच दिवसभर जागा. तो पहिल्यांदा काढला.

मग सेटिंग्जमध्ये बॅटरी युसेज उघडलं. खरेदीचं एक ॲप स्क्रीनवर ४ मिनिटं होतं आणि बॅकग्राउंडला २ तास ५० मिनिटं! त्याला लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी दिलेली होती, ती मीच कधीतरी घाईत दिली असणार. ती 'ॲप वापरतानाच' केली आणि बॅटरी 'रिस्ट्रिक्टेड' केली, म्हणजे बॅकग्राउंडला चालण्यावर बंधन घातलं. अशी एकूण पाच ॲप्स निघाली. बाकीच्यांना हात लावला नाही, कारण त्यांचं काम अँड्रॉइड स्वतःच बघतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय आहे: स्क्रीन बंद, चार्जर नाही, फोन एका जागी, की ॲप्सची कामं थोपवून अधूनमधून एकदम उरकली जातात. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तर क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲप्सवर आणखी बंधनं येतात.

आठवड्याभरात रात्रीची गळती ५ टक्क्यांवर आली. त्या आनंदात मी आईच्या फोनवरही हेच केलं, आणि तिथे चुकलो. तिचं औषधांची आठवण करून देणारं ॲपही मी 'रिस्ट्रिक्टेड' केलं. सकाळी नऊची सूचना आलीच नाही. अकरा वाजून गेल्यावर ती म्हणाली, "अरे, आज फोन वाजलाच नाही, गोळी राहिली." रिस्ट्रिक्टेड ॲपचे अलार्मही अडू शकतात, हे मला माहीत असायला हवं होतं. तेव्हापासून अलार्म, औषधं, बँक आणि मेसेजिंग यांना मी अडवत नाही. आईचं ते ॲप 'अनरिस्ट्रिक्टेड' ठेवलंय.

डेव्हलपर ऑप्शन्स या लपवलेल्या सेटिंग्जमधली बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट, म्हणजे मागे किती ॲप्स चालू राहतील याची मर्यादा, तीही आठवडाभर वापरून पाहिली. फोन रीस्टार्ट केला की ती पूर्ववत होते, आणि गाणी मध्येच बंद पडायची. सोडून दिली.

स्क्रीन चालू असतानाचा वेळ मात्र फारसा वाढलेला नाही. तिथे ब्राइटनेसच बॅटरी खातो. रेंज कमी असलेल्या ठिकाणीही सेटिंग्जचा इलाज चालत नाही, फोन टॉवर शोधत राहतो. तिथे मी सरळ एअरप्लेन मोड लावतो.

आता महिन्यातून एकदा बॅटरी युसेज उघडतो. गेल्याच महिन्यात एका गेमने अपडेटनंतर बॅकग्राउंडला तासभर खाल्लेला दिसला. तो काढून टाकला. काल रात्री फोन ८४ वर ठेवला होता, सकाळी ७९.