इन्टू द वुड्स, मूळ ब्रॉडवे संचाचं रेकॉर्डिंग: मिळालं तर सोडू नका

आधीच सांगते, ही डीव्हीडी कुठे मिळाली तर घेऊन टाका. म्युझिकलची, म्हणजे अमेरिकन संगीत नाटकांची, आवड असेल तर हवीच, आणि नसेल तरी नुसत्या अभिनयासाठी बघा. स्टीफन सॉन्डहाइमचं संगीत आणि गीतं, जेम्स लपाइनचं लेखन-दिग्दर्शन, आणि समोर अख्खा मूळ संच, म्हणजे ज्या लोकांनी या भूमिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पहिल्यांदा उभ्या केल्या तीच माणसं.

नाटक मार्टिन बेक थिएटरला 5 नोव्हेंबर 1987 ला उघडलं आणि सप्टेंबर 1989 मध्ये 765 प्रयोग करून बंद झालं. बंद व्हायच्या काही महिने आधी, मे 1989 मध्ये, आधीच सोडून गेलेल्या कलाकारांनाही परत बोलावून खऱ्या प्रेक्षकांसमोर हे शूट केलं. चेटकीण झालेली बर्नाडेट पीटर्स तर कधीचीच बाहेर पडली होती, तीही आली. मग 1991 ला अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवरच्या अमेरिकन प्लेहाउस मालिकेत दाखवलं, आणि हे कुणाला तरी सुचलं त्याबद्दल त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात. कारण ब्रॉडवेच्या नाटकांची शूटिंग होतात, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या लायब्ररीत बेटी कॉर्विन यांनी 1970 मध्ये सुरू केलेलं मोठं अर्काइव्हच आहे, पण ते बघायला तिथेच जाऊन बसावं लागतं, घरी काही आणता येत नाही. आपल्याकडे बालगंधर्वांची पदं तबकड्यांवर ऐकायला मिळतात, पण स्वयंवरमधली त्यांची रुक्मिणी स्टेजवर कशी वावरायची ते लोकांनी लिहून ठेवलंय तेवढंच वाचायचं. त्यामुळे असं पूर्ण नाटक घरात बसून बघायला मिळतं याची किंमत मला फार वाटते.

गोष्ट थोडक्यात. एक बेकर आणि त्याची बायको, मूल होत नाही कारण शेजारच्या चेटकिणीचा शाप. शाप उतरवायला तीन रात्रींत चार वस्तू आणायच्या, दुधासारखी पांढरी गाय, रक्तासारखा लाल झगा, मक्यासारखे पिवळे केस आणि सोन्याची चप्पल. म्हणजे जॅक, लाल टोपीवाली, रापुन्झेल, सिंड्रेला सगळे एकाच जंगलात एकमेकांच्या पायात पाय घालतात. पहिल्या अंकात सगळ्यांचं भलं होतं, आणि दुसऱ्या अंकात त्याची बिलं येतात.

आता खरं म्हणजे जोआना ग्लीसनबद्दल बोलायचंय. बेकरची बायको. या भूमिकेसाठी तिला 1988 चं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मोठं पारितोषिक, मिळालं आणि ते का, हे नाटकाच्या गाण्यांचा अल्बम ऐकून अर्धंच कळतं. दुसऱ्या अंकात सिंड्रेलाचा राजपुत्र तिला जंगलात गाठतो, घोळात घेतो आणि निघून जातो, आणि ती एकटी उरते. मग मोमेंट्स इन द वुड्स हे गाणं. ती आधी स्वतःलाच हसते, मग डोळ्यात एकदम चमक येते की हे खरंच झालं, मग हिशोब सुरू, नवरा, मूल, घर, आणि हे सगळं एका गाण्यात, बहुतेक वेळ जागच्या जागी उभं राहून. लोक हसत असतात, ती हशा संपेपर्यंत नेमकी थांबते आणि पुढचा शब्द असा टाकते की हसणारा माणूस गप्प होतो. ते थांबणं स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या अल्बममध्ये येऊच शकत नाही कारण तिथे प्रेक्षक नाहीत. शेवटी ती ठरवते की घरी जायचं, आता शहाणी झाले, आणि त्याच क्षणी राक्षसीणीची पावलं, जॅकने मारलेल्या राक्षसाची बायको सूड घ्यायला आलेली असते. पुढे काय होतं माहीत असूनही दर वेळी पोटात खड्डा पडतो.

बर्नाडेट पीटर्सची चेटकीण पहिल्या अंकात मुखवटा, नखं, वाकलेली पाठ, तरी त्या सगळ्याच्या आतून तिचा आवाज ओळखू येतो. सुंदर होते तेव्हा जादू जाते, आणि लास्ट मिडनाइट या गाण्यात ती जी चिडते ना, त्यात राग कमी आणि मुलगी म्हणून वाढवलेली रापुन्झेल गेल्याचं दुःख जास्त ऐकू येतं. चिप झीनचा बेकर शेजारी तसा साधा वाटतो, पण टॉम ऑल्ड्रेजबरोबरचं बापलेकाचं नो मोअर हे गाणं बघा, रडवतो तो माणूस.

2014 चा सिनेमा पाहून ज्यांना वाटतंय की आपण हे पाहिलंय, त्यांना कळकळीची विनंती, हे बघा. सिनेमात नो मोअर गायलेलं नाही, सिंड्रेला आणि रापुन्झेलच्या राजपुत्रांचं दुसऱ्यांदा येणारं अ‍ॅगनी हे गाणं नाही, रापुन्झेल मरत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्टेजवर लांडगा आणि सिंड्रेलाचा राजपुत्र एकच नट करतो, रॉबर्ट वेस्टनबर्ग. तोच मुलीला फूस लावतो, तोच राजवाड्यात नेतो, कुणी काही समजावून सांगत नाही, तुम्ही बघता आणि कळतं. सिनेमात दोन वेगळे नट घेतले आणि तो अर्थच गेला. निवेदकाचंही तसंच, इथे तो सूट घातलेला सभ्य गृहस्थ बाजूला उभा राहून गोष्ट सांगतो आणि दुसऱ्या अंकात पात्रं वळून त्यालाच राक्षसीणीच्या हवाली करतात. आता गोष्ट पुढे कशी जाणार ते सांगणारा कुणी उरत नाही! हे स्टेजवरच होऊ शकतं.

डॅनिएल फर्लंडची लाल टोपीवाली तर मला प्रचंड आवडते, खादाड, हट्टी, अजिबात गोडगोड नाही. जॅकची गाय म्हणजे नुसता पांढरा कडक पुतळा आहे, पण बेन राइट तिचा निरोप घेतो तेव्हा मला ती गायच वाटते.

उणं काय? चित्र जुन्या व्हिडिओ टेपचं आहे, चौकोनी, थोडं धुरकट, आजच्या मोठ्या टीव्हीवर ते जाणवतंच. टोनी स्ट्रेजेसचा सेट, ती घरं सरकून मागचं जंगल उघडणं, ते पूर्ण डोळ्यात मावत नाही, आणि कधीकधी कॅमेरा एका चेहऱ्यावर जातो तेव्हा मागे चार जणांचं काय चाललंय ते हुकतं. ग्लीसनच्या बाबतीत मात्र त्या क्लोजअपचे उपकारच.

लांबी साधारण अडीच तास. पहिला अंक संपताना नाटकच संपल्यासारखं वाटतं, तिथे बंद करू नका. शाळांसाठी जी ज्युनियर आवृत्ती आहे ती तेवढ्याच पहिल्या अंकाची, त्यामुळे मुलांना घेऊन बसणार असाल तर दुसरा अंक आधी एकट्याने बघून घ्या, त्यात बरीच माणसं मरतात. आणि शक्यतो हेडफोन लावा, जोनाथन ट्यूनिकची वाद्यरचना टीव्हीच्या स्पीकरवर निम्मी ऐकूच येत नाही.