डार्कटेबलसोबत आठ महिने: तेरड्याचा गुलाबी आणि लिंबच्या विहिरीतला अंधार

मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो आणि गेली ११ वर्षे हौस म्हणून छायाचित्रण करतो. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, दोन झूम लेन्स आणि एक मॅक्रो लेन्स आहे. कास पठार, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणि संगम माहुलीचे घाट एवढाच माझा टापू. गेल्या आषाढात मी लॅपटॉपवर डार्कटेबल हे फोटोंवर काम करण्याचे सॉफ्टवेअर घेतले. आता फाल्गुन लागला आहे. या आठ महिन्यांत साधारण चार हजार रॉ फाइल (म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली, प्रक्रिया न झालेली मूळ माहिती) मी त्यातून पाहिल्या आणि त्यांपैकी सहाशेच्या आसपास फोटो पूर्ण तयार केले, त्यामुळे आता त्याबद्दल जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

याआधी मी दरमहा पैसे भरून वापरायचे एक सॉफ्टवेअर वापरत होतो. त्याच्या कामाबद्दल माझी तक्रार नव्हती, पण मे महिन्यात पैसे भरणे थांबवले तेव्हा आपल्याच जुन्या फोटोंवर केलेले संस्कार आपल्याला बदलता येत नाहीत हे लक्षात आले आणि मन खट्टू झाले. कराडला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "मामा, डार्कटेबल घेऊन बघा, फुकट आहे आणि फाइली तुमच्याच राहतात." योहानेस हानिका यांनी सुरू केलेला आणि २००९ साली लोकांसमोर आलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो चालतो, वर्षातून साधारण दोनदा, उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास, त्याची नवी आवृत्ती येते, आणि वापरण्यासाठी खाते उघडावे लागत नाही की इंटरनेट चालू ठेवावे लागत नाही.

पहिले तीन आठवडे जड गेले, हे आधीच सांगतो. सॉफ्टवेअरचे मुख्य दोन भाग आहेत. लाइटटेबलमध्ये फोटो निवडायचे, त्यांना तारे द्यायचे, नको ते बाद करायचे, आणि डार्करूममध्ये एकेका फोटोवर काम करायचे. लाइटटेबल दोन दिवसांत हाताखाली आले. डार्करूममध्ये मात्र मॉड्यूलांची, म्हणजे एकेका कामाच्या साधनांची, एवढी मोठी यादी समोर येते की कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, आणि एकाच कामासाठी दोन-तीन मॉड्यूल दिसतात, कारण जुने फोटो उघडता यावेत म्हणून जुनी साधनेही ठेवलेली आहेत. शेवटी मी वहीत लिहून ठेवले की एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, कलर बॅलन्स आरजीबी आणि टोन इक्वलायझर एवढीच पाच मॉड्यूल महिनाभर वापरायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन.

या सॉफ्टवेअरची खरी ताकद मला कळली ती भाद्रपदात, कासच्या तेरड्यामुळे. ज्यांनी हंगामात कासला फोटो काढले आहेत त्यांना हा अनुभव असेल. पठारावर तेरड्याचा गालिचा डोळ्यांना इतका नाजूक दिसतो, पण घरी येऊन फोटो उघडावा तर पाकळी म्हणजे गुलाबी रंगाचा एक सपाट ठिपका झालेला असतो, शिरा नाहीत, कडेची फिकट छटा नाही, काही नाही. इतकी वर्षे मी समजत होतो की माझे एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा ते) चुकते आणि लाल रंग सेन्सरवरच जळून जातो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन त्यातला तपशील हरवतो. डार्कटेबलमध्ये रॉ फाइलमध्ये प्रत्यक्षात कोणता भाग जळला आहे तेवढाच दाखवणारे एक बटण आहे. ते दाबले तेव्हा दवाचा एक थेंब आणि आकाशाचा एक तुकडा सोडला तर कुठेही खूण उमटली नाही. म्हणजे पाकळीची सगळी माहिती फाइलमध्ये शाबूत होती, ती पुढच्या प्रक्रियेत हरवत होती.

याचे कारण समजून घेण्यात मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्या. उन्हात सेन्सरवर हिरवा रंग सर्वांत जास्त नोंदला जातो, लाल आणि निळा त्या मानाने कमी, म्हणून व्हाइट बॅलन्स करताना, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा असा रंगांचा तोल साधताना, लाल आणि निळ्या आकड्यांना गुणून वाढवावे लागते. तेरड्याच्या गुलाबीत लाल आधीच भरपूर असतो. तो वाढवला, आणि वरून पडद्याच्या मर्यादित रंगकक्षेत (पडदा दाखवू शकतो तेवढ्या रंगांत) बसवायला गेले, की तो छताला लागतो आणि पाकळीतले सगळे चढउतार एकाच आकड्यावर येऊन थांबतात. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा हिस्टोग्रामही (उजेडाच्या वाटणीचा आलेख) तयार जेपेग फोटोवरून काढलेला असतो, त्यामुळे तोही हेच दाखवतो. डार्कटेबलची आधुनिक पद्धत अशी आहे की दृश्यातल्या प्रकाशाचे आकडे शेवटपर्यंत न कापता नेले जातात आणि पडद्याला झेपेल अशा रूपात ते अगदी शेवटी, सिग्मॉइड किंवा फिल्मिक या मॉड्यूलात, आणले जातात. त्यामुळे मधल्या कुठल्याही टप्प्यावर छताला लागलेला रंग पुन्हा खाली घेता येतो.

प्रत्यक्षात मी केले ते एवढेच. एक्स्पोजर अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खाली घेतले, कलर कॅलिब्रेशनमध्ये रंगकक्षा आवळण्याचा जो स्लाइडर आहे तो थोडा वाढवला, आणि कलर बॅलन्स आरजीबीमध्ये फक्त गुलाबी छटेपुरता मास्क करून, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर लागेल असे करून, उजळ भागाची रंगतीव्रता उतरवली. हा मास्क ब्रशने रंगवावा लागत नाही. छटेच्या पट्टीवर दोन खुणा सरकवल्या की सॉफ्टवेअर पठारावरची हजारो फुले आपोआप वेगळी काढते आणि गवताला धक्का लागत नाही. पाकळीवरच्या बारीक शिरा हळूहळू वर आल्या तेव्हा मी पत्नीला स्वयंपाकघरातून बोलावून आणले. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना सांगतो की गुलाबीत पांढरा मिसळला की तो हलका होतो आणि नुसता गडद गुलाबी थापला की फूल कागदाचे दिसते. तेच समोर घडत होते.

सीतेची आसवे या फुलाची गोष्ट जरा वेगळी आहे. ओलसर जमिनीवर उगवणारी ही कीटकभक्षी वनस्पती, तिची फुले जांभळी, पण कॅमेऱ्यात ती हमखास निळी येतात, कारण जांभळा रंग ओळखण्यात सेन्सर कमी पडतो. डोळ्यांना दिसलेला जांभळा परत आणण्यासाठी कलर झोन्स हे मॉड्यूल वापरावे लागते. निळ्याची पट्टी किंचित जांभळ्याकडे सरकवायची, पण त्याच फोटोत आकाश असेल तर तेही जांभळे होते, म्हणून हाताने मास्क काढणे आलेच. हे काम प्रत्येक फोटोला नव्याने करावे लागते आणि मला अजून ते मनासारखे जमलेले नाही.

उजेड-सावलीच्या कामाचे उदाहरण म्हणून लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीबद्दल लिहितो. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही विहीर साताऱ्यापासून फार लांब नाही. काळा पाषाण, खाली हिरवट पाणी, मधल्या महालाच्या कमानीत अंधार आणि वरून थेट पडणारे दुपारचे ऊन, असे एकाच चौकटीत सगळे येते. आधी मी तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून जोडत असे आणि परिणाम भडक दिसे. टोन इक्वलायझरमध्ये मात्र फोटोवर माउस नेऊन चाक फिरवले की त्या ठिकाणाइतका उजेड जिथे जिथे आहे तो सगळा भाग उजळतो किंवा उतरतो. कमानीवर माउस ठेवला, दीड स्टॉप वर घेतला आणि दगडाच्या सांध्यांतला चुना दिसू लागला, तरी वरचे ऊन जिथल्या तिथे राहिले. एक सावधगिरी मात्र हवी. मॉड्यूलच्या आतला मास्क नीट बसवला नाही तर कमानीच्या कडेने पांढरट वलय उमटते, आणि ते लॅपटॉपवर लक्षात येत नसले तरी मोठ्या छपाईत स्पष्ट दिसते.

छपाईचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. दिवाळीत मी बारा फोटो छापून घेतले आणि सगळे अपेक्षेपेक्षा काळपट आले. दोष छापणाऱ्याचा नव्हता. मी रात्री, पडद्याची प्रखरता पूर्ण वाढवून, सॉफ्टवेअरच्या गडद चौकटीत काम करत होतो, आणि काळ्या भोवतालात कोणताही फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. कंट्रोल आणि बी दाबले की फोटोभोवती पांढरी किनार आणि करडी पार्श्वभूमी येते, तीत उजेडाचा खरा अंदाज येतो. आता मी शेवटची तपासणी त्याच रूपात, दिवसा, पडद्याची प्रखरता निम्म्यावर आणून करतो. जानेवारीत छापलेले फोटो पडद्यावर पाहिले तसेच आले.

आता फाइलींच्या व्यवस्थेबद्दल, कारण इथे माझ्या हातून मोठी चूक झाली होती. डार्कटेबल मूळ रॉ फाइलला कधीही हात लावत नाही. आपण केलेला प्रत्येक बदल ते आपल्या यादीत नोंदवते आणि शिवाय रॉ फाइलशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्याशा फाइलमध्येही लिहून ठेवते. नोव्हेंबरमध्ये जागा कमी पडली म्हणून मी नुसत्या रॉ फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवल्या, जुन्या नोंदी यादीतून काढल्या आणि जुना फोल्डर एक्सएमपी फाइलींसकट पुसून टाकला. नव्या जागेवरून फोटो उघडले तेव्हा कासच्या १४० फोटोंवरचे काम गायब होते. दोन दिवस अन्न गोड लागले नाही. मग मार्गदर्शक पुस्तिकेत एक वाक्य सापडले. डार्कटेबलमधून बाहेर काढलेल्या जेपेगमध्ये सामान्यतः त्या फोटोवर केलेल्या सगळ्या बदलांची नोंद दडवलेली असते, आणि ते जेपेगच एक्सएमपीच्या जागी उघडता येते. घरच्यांना पाठवण्यासाठी काढलेली ११८ जेपेग सुदैवाने संगणकावर होती. ती एकेक करून मूळ फाइलला जोडली आणि सगळे स्लाइडर जिथल्या तिथे परत आले. उरलेले २२ पुन्हा केले. तेव्हापासून फाइली हलवायच्या त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच, आणि बॅकअप घ्यायचा तो एक्सएमपीसकट, हा नियम मी मोडलेला नाही.

फोटोंना मराठीत टॅग देता येतात याचा मला विशेष आनंद आहे. फुले, त्याखाली तेरडा, सोनकी, गेंद, कारवी अशी उतरंड देवनागरीत तयार केली आहे आणि शोधायला एक क्षण पुरतो.

वेगाबद्दल बोलायचे तर माझा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, १६ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. साधे काम सुरळीत होते, पण संगम माहुलीला तिन्हीसांजेला जास्त आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता वाढवून) काढलेल्या फोटोंचा दाणेदारपणा कमी करायला प्रोफाइल्ड डीनॉइज लावले की स्लाइडर सरकवल्यावर थांबावे लागते, आणि डिफ्यूज ऑर शार्पन हे मॉड्यूल त्याहून जड आहे. मी ही दोन्ही कामे अगदी शेवटी ठेवतो. दाणे काढण्याचा दर्जा मात्र चांगला आहे, कारण कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार आणि आयएसओनुसार मोजमाप करून त्याचे आकडे आधीच भरलेले आहेत.

ज्यांना फोटोवर अक्षरे टाकून फलक करायचे आहेत, दोन फोटो एकत्र जोडायचे आहेत, त्यांच्यासाठी हे साधन नाही. त्यासाठी गिंपसारखे सॉफ्टवेअर वेगळे घ्यावे लागेल. लग्नाचे आठशे फोटो दोन दिवसांत द्यायचे असतील तर शिकण्यासाठी लागणारा वेळ परवडणार नाही, जरी एका फोटोवरचे बदल उचलून बाकीच्यांवर चिकटवण्याची सोय उत्तम असली तरी. बाजारात नुकताच आलेला कॅमेरा असेल तर त्याची रॉ फाइल उघडते की नाही हे यादीत पाहून घ्यावे. पण ज्यांना एका फोटोपाशी अर्धा तास बसायला आवडते आणि आपण काय करतो आहोत हे कळावे असे वाटते, त्यांनी पावसाळ्याच्या आधी, म्हणजे आत्ताच, हे घेऊन हात बसवावा. हंगाम सुरू झाल्यावर शिकायला सवड मिळत नाही.

गेल्या रविवारी मी २०१९ सालचे कासचे फोल्डर उघडले. तेव्हा जळाले म्हणून सोडून दिलेले, पण पुसून न टाकलेले तेरड्याचे साठ-सत्तर फोटो त्यात होते. रॉ फाइलची खूण दाखवणारे ते बटण एकेका फोटोवर दाबत गेलो. खरोखर जळालेले फक्त नऊ निघाले. बाकीच्यांचे काम सुरू केले आहे.