स्वतःच्या जवसाचं तेल काढून घ्यायचंय? पंचवटीतला लाकडी घाणा

आमचं शेत सिन्नरकडे, हरभऱ्याच्या कडेने दरवर्षी चार-पाच ओळी जवस टाकतो, यंदा ऑक्टोबरमध्ये वेळेवर पेरलं म्हणून कळीला माशीचा त्रास झाला नाही आणि बारा किलो स्वच्छ माल निघाला. चटणीपुरतं ठेवायचो आधी, यावेळी म्हटलं परत एकदा तेल काढून बघू.

मागच्या वर्षी एका ठिकाणी काढलं होतं तर शेंगदाण्याचा घाणा न पुसताच आमचं जवस टाकलं, तेलाला वास वेगळाच आणि महिन्याभरात कडू. खूप वाईट वाटलं, चार महिने राबून पिकवलेलं असतं हो.

इथे पंचवटीत घाण्यावरच्या काकांनी आधी जवस हातात घेऊन बघितलं, म्हणे ओल आहे, दोन दिवस ऊन द्या मग आणा. परत पाठवलं मला! पण पटलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा घाणा पुसून घेतला, समोर उभं राहू दिलं, तेल साडेतीन लिटरच्या आसपास आलं, पेंडही पूर्ण परत दिली, ती म्हशीला चालली. गाळायची घाई नाही केली, दोन दिवस निवळू दिलं, मग वरचं पिवळंधमक तेल दिलं.

काकांनी सांगितलेलं लक्षात ठेवा, मीही आता सगळ्यांना सांगतो: जवसाच्या तेलात ओमेगा ३ निम्म्याच्या आसपास असतं, त्यामुळेच ते हवा, उजेड आणि उष्णतेने पटकन खराब होतं. फोडणीला नाही वापरायचं, कच्चंच, भाकरीवर नाहीतर ठेच्यात. काळ्या बाटल्या, फ्रिजमध्ये, आणि एकदम वर्षाचं काढू नका, दाणे साठवा, तेल थोडं थोडं काढा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं अळशीचं (म्हणजे जवसाचंच) तेल लाकडाला लावायचं असतं, त्यात सुकवणारी रसायनं असू शकतात, ते चुकूनही खाऊ नका.

कमी काय तर जवस फक्त मंगळवारी घेतात, दहा किलोच्या खाली नाही, आणि फोन बऱ्याचदा उचलत नाहीत. पार्किंग तर नाहीच, गाडी लांब लावून पोतं खांद्यावर. तरी मी पाच पैकी साडेचार देतो. मंगळवारी दहाच्या आत पोचा, बाटल्या घरून धुऊन पूर्ण कोरड्या करून न्या.