सिगारेट, व्हेप की निकोटीनचं गम: आधी बघा, सिगारेट लागते कशाला

सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे निकोटीनच्या द्रवाची वाफ ओढायची ई-सिगारेट, घ्यावं का, हे ठरवायच्या आधी दिवसातली कुठली सिगारेट सुटणार नाही असं वाटतं ते बघा. उठल्या उठल्या लागणारी, शौचाला जाण्याआधीची, टपरीवर चहाबरोबरची की साहेबाशी वाजल्यानंतरची? पाकीट एकच असलं तरी या चौघींची कामं वेगळी आहेत. व्हेप त्यातली दोन चांगली करतं, एक अर्धवट करतं आणि एका बाबतीत तर सिगारेटपेक्षाही जास्त अडकवतं.

पण आधी तुम्ही राहता कुठे? भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुण्या-मुंबईत पानपट्टीवर काउंटरखालून जे मिळतं ते चोरटंच. त्यावर '५ टक्के' छापलेलं असेल तर ते मिलीला ५० मिलिग्रॅम निकोटीन झालं. ब्रिटनमध्ये कायद्याची कमाल मर्यादा २० आहे. शिवाय छापलंय तेच आत आहे याची हमी घ्यायला कुणी नाही. तेव्हा महाराष्ट्र-गोव्यातल्या माणसापुढची खरी निवड सिगारेट विरुद्ध गम, कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अशीच आहे. सिंगापूर आणि थायलंडमध्येही बंदी आहे, आणि सिंगापुरात नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात व्हेप फक्त औषधाच्या दुकानात मिळतं. ब्रिटनमध्ये मात्र आरोग्यसेवाच सिगारेट सोडवायला व्हेप सुचवते. तिथे व्हेपमधली द्रवाची टाकी जास्तीत जास्त २ मिलीची, रिफिलची बाटली १० मिलीची, आणि १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद. लंडन-लेस्टरच्या मराठी माणसाने सुट्टीला घरी येताना ते सामानात घालू नये, कारण आयातीवरच बंदी आहे.

सकाळची तलफ

निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रात्रभरात ते तळाला जातं, म्हणून सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात गोड लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ती लागत असेल तर शरीर निकोटीनला पक्कं बांधलं गेलंय असं धरा.

इथे सगळा फरक वेगाचा आहे. सिगारेटचं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. व्हेप, त्यातही निकोटीन सॉल्टचं (घशाला कमी झोंबणाऱ्या क्षाररूपातल्या निकोटीनचं), त्याच्या बरंच जवळ जातं. गमला मात्र कमाल पातळी गाठायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणून एकट्या गमवर सकाळ काढणारे बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'हे काही माझ्यावर चालत नाही' म्हणतात. गम नुसतं देऊ नये, पट्टीबरोबर द्यावं. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅमची पट्टी सहा आठवडे, मग १४ ची दोन आणि ७ ची दोन आठवडे. पट्टी दिवसभराचा पाया सांभाळते आणि मध्येच उसळणाऱ्या तलफेला गम. पट्टी रोज नव्या जागी, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर लावायची. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवायची.

गम फसतं ते चघळण्यात. ते च्युइंगमसारखं सपासप चावलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचक्या लागतात, छातीत जळजळतं, आणि जे पोटात गेलं त्यातलं बरंचसं यकृतातच मोडतं. योग्य रीत अशी: आठ-दहा वेळा सावकाश चावा, जिभेला चुरचुर आणि तिखटपणा जाणवला की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चार वेळा चावून दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. आपल्याकडची खरी अडचण चहाची. चहा, कॉफी किंवा थंड पेयाने तोंड आम्ल होतं आणि निकोटीन गालातून शोषलं जात नाही, म्हणून आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही प्यायचं नाही. म्हणजे चहा आधी, गम नंतर. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, तलफ येण्याची वाट न बघता. भारतात २ मिलिग्रॅमचं गम केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ चं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ४ चंच लागतं. २ चं घेऊन 'गम बेकार' म्हणण्यात अर्थ नाही.

हात, ओठ आणि घसा

काहींना निकोटीनपेक्षा झुरका लागतो. घशाला बसणारा तो झटका, बोटांत काहीतरी, तोंडातून निघणारा धूर. इथे गम आणि पट्टी शून्य, व्हेप पहिल्या नंबरवर. ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाअखेर व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, गम-पट्टी वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. पण त्याच चाचणीची दुसरी बाजूही वाचा: ज्यांची सिगारेट सुटली त्यांच्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते, तर गम-पट्टीवाल्यांपैकी फक्त ९ टक्के ती वापरत होते. सिगारेट सोडायचीय की निकोटीन, हे इथे ठरतं.

जिथे व्हेप कायदेशीर आहे तिथे घेणाऱ्याने मोठे ढग काढणारं यंत्र घेऊ नये. सिगारेटसारखा आधी तोंडात, मग छातीत असा झुरका देणारं घ्यावं: कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, ०.८ ते १.२ ओहमचं, द्रव प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं. दिवसाला २० च्या आसपास सिगारेटी असतील तर मिलीला २० मिलिग्रॅमचं सॉल्ट, दहा-बारा असतील तर १० चं. नवशिके भीतीने ३ चं घेतात, मग दिवसभर ओढत राहतात आणि संध्याकाळी पाकीट आणतात. झुरका तीन-चार सेकंदांचा, हळू. सिगारेटसारखा जोरात ओढला की द्रव तोंडात येतो. नवं कॉइल बसवल्यावर टाकी भरून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर आतला कापूस कोरडाच जळतो आणि ती करपट चव कॉइल बदलेपर्यंत जात नाही. गोडसर स्वादाच्या द्रवात कॉइल लवकर काळं पडतं. द्रवाची बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेलं तर विषबाधा होते.

ताण आणि टपरी

ताणाची सिगारेट फसवी आहे. दोन तासांपूर्वीचं निकोटीन उतरल्यामुळे जी चिडचिड होते, ती पुढच्या सिगारेटने थांबते, आणि आपण समजतो की साहेबाचा ताण गेला. सोडणाऱ्यांच्या मनाची स्थिती काही आठवड्यांनी सुधारलेली दिसते, बिघडलेली नाही. व्हेप इथे अर्धवट कामाचं: उतार थांबवतं, पण चक्र तेच ठेवतं.

टपरीवरच्या सुट्ट्यात निकोटीन दुय्यम असतं. उठायला निमित्त हवं असतं, सोबत हवी असते. ही सिगारेट पाच मिनिटांत संपते. व्हेप संपत नाही. ते खिशात, गाडीत, उशाशी असतं, आणि ज्याला दिवसात सहा वेळा निकोटीन लागायचं त्याला साठ वेळा लागायला लागतं. फक्त टपरीपुरती ओढणाऱ्याने व्हेपच्या वाटेला जाऊच नये. त्याने चहा घ्यावा, धूर नसलेल्या बाजूला उभं राहावं, आणि पहिले पंधरा दिवस टपरीच बदलावी.

पोट

हे मोठ्याने कुणी बोलत नाही, पण 'सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही' हे आपल्याकडे सोडलेली सिगारेट परत धरण्याचं मोठं कारण आहे. त्यात तथ्यही आहे: निकोटीन आतड्याला चालना देतं. सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतो, मग आतडं आपलं आपण चालायला लागतं. रात्री पाण्यातून एक-दोन चमचे इसबगोल, सकाळी दोन पेले कोमट पाणी, आणि बसायची वेळ ठरलेली. पट्टी-गमवर हा त्रास कमी होतो, कारण निकोटीन चालूच असतं. वजनाचंही तसंच: पहिल्या वर्षी चार-पाच किलो वाढतं, निकोटीन चालू असेपर्यंत ते लांबतं.

दोन्ही चालू ठेवणं

'दिवसा व्हेप, रात्री दोन सिगारेटी' हा सगळ्यात महाग सौदा. व्हेपचा फायदा एवढाच की काही जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. पण हृदयाचा धोका सिगारेटींच्या हिशेबात कमी होत नाही: दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या निम्म्याच्या आसपास धोका राहतो. दोन-तीन आठवड्यांत सिगारेट शून्यावर आली नाही तर निकोटीन कमी पडतंय किंवा कारण दुसरंच आहे. आणि व्हेप निरुपद्रवीही नाही. ते बाजारात येऊन जेमतेम वीस वर्षं झालीत, त्यामुळे तीस वर्षं ओढलेल्याचं फुप्फुस कसं दिसतं हे कुणी बघितलेलंच नाही.

राहिली एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. धुरातल्या डांबरामुळे यकृत कॅफीन भराभर मोडत असतं. धूर थांबला, मग तो व्हेपमुळे थांबो की गममुळे, की तीच कॉफी जास्त चढते. हात थरथरतात, झोप उडते, आणि माणसाला ती निकोटीनची तलफ वाटते. पहिल्या आठवड्यात चहा-कॉफी निम्मी करा. दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी ओलान्झापिन, क्लोझापिन चालू असेल तर सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागतो. सरकारची तंबाखूमुक्तीची फुकट हेल्पलाइन १८०० ११ २३५६ आहे.